जैसलमेर, सोनार किल्ला आणि सीमेलगतचा प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जैसलमेरला निघालेल्या मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे प्राथमिक माहितीपासून अवघड अपवादांपर्यंत क्रमाने घेतले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्या उत्तरात लागणार असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिकिटांचे आणि गाड्यांचे दर बदलत असतात, म्हणून ते दिलेले नाहीत. या शहराच्या किल्ल्यात आजही माणसे राहतात आणि जिल्ह्याच्या पाकिस्तानलगतच्या सीमेवर रात्रंदिवस पहारा असतो. पुढील बहुतेक उत्तरे या दोन गोष्टींवरूनच ठरली आहेत.

१. जैसलमेर नक्की कुठे आहे? शहर अगदी सीमेवर आहे का?

जैसलमेर राजस्थानच्या पश्चिम टोकाला, थरच्या वाळवंटात आहे. हा जिल्हा क्षेत्रफळाने राजस्थानातील सर्वांत मोठा असून त्याचा विस्तार ३८ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे, आणि त्याची साडेचारशे किलोमीटरहून अधिक लांबीची हद्द पाकिस्तानला लागून आहे. जिल्हा सीमेवर असला, तरी शहर मात्र सीमेवर नाही. तनोट या देवस्थानाच्या रस्त्याने सीमेच्या खांबापर्यंत जायचे झाल्यास शहरापासून सुमारे १४० किलोमीटर अंतर पडते. शहर, किल्ला आणि सम व खुरी येथील वाळूच्या टेकड्या या ठिकाणी फिरण्यासाठी भारतीय नागरिकाला कोणताही परवाना लागत नाही. परवाना कुठे लागतो, हे प्रश्न ११, १२ आणि १६ मध्ये पाहावे.

२. महाराष्ट्रातून तिथे कसे पोहोचावे?

सर्वांत भरवशाचा मार्ग जोधपूरवरून जातो. मुंबईहून जोधपूरला रेल्वे आणि विमान दोन्ही आहेत, आणि जोधपूर ते जैसलमेर हे सुमारे २८५ किलोमीटरचे अंतर रस्त्याने किंवा रेल्वेने पाच ते सहा तासांत पार होते. वांद्रे टर्मिनसहून थेट जैसलमेरला जाणारी गाडी आहे, परंतु ती रोज सुटत नसल्याने तिचा वार पाहूनच रजा ठरवावी. जैसलमेरचा विमानतळ हवाई दलाच्या तळाला लागून आहे. तेथील प्रवासी विमाने मुख्यतः हिवाळ्याच्या हंगामात चालतात, आणि ती अचानक रद्दही होऊ शकतात (प्रश्न १८). म्हणून जाताना विमान घेतले, तरी परतीसाठी रेल्वेचा पर्याय मनात असू द्यावा.

३. कोणत्या महिन्यात जावे आणि किती दिवस ठेवावेत?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत दुपार सुखद असते, पण रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. महाराष्ट्रातील थंडीच्या अंदाजाने नेलेला एक स्वेटर वाळूवरच्या रात्रीला पुरत नाही. एप्रिलपासून जूनपर्यंतचे ऊन, विशेषतः लहान मुले आणि वृद्ध बरोबर असल्यास, सरळ टाळावे. माघ पौर्णिमेच्या सुमारास राजस्थान पर्यटन विभागाचा मरु महोत्सव असतो. त्या वेळी गाणे-बजावणे भरपूर ऐकायला मिळते, परंतु खोल्या मिळणे कठीण होते.

दिवसांचे म्हणाल, तर किल्ला आणि हवेल्यांसाठी एक पूर्ण दिवस, वाळवंटासाठी एक संध्याकाळ आणि एक पहाट, आणि सीमेकडील तनोट-लोंगेवालासाठी (प्रश्न ११) एक स्वतंत्र दिवस असे तीन दिवस तरी हवेत. 'दीड दिवसात सगळे होईल का' असे पुष्कळ जण विचारतात. तेवढ्या वेळात सगळ्या ठिकाणी गाडीतून उतरता येईल, पण पाहणे काहीच होणार नाही.

४. किल्ल्यात जायला तिकीट आहे का? किल्ला कधी बंद होतो?

किल्ल्यात जायला तिकीट नाही, आणि किल्ला बंदही होत नाही, कारण तो एक मोहल्ला आहे. आत सुमारे तीन हजार लोक राहतात आणि त्यांची मुले सकाळी याच दरवाजांतून शाळेला जातात. आपल्याकडे पन्हाळ्यावर वस्ती आहे, पण येथे ती तटबंदीच्या आत एकमेकांना चिकटलेल्या घरांत, दोन माणसे जेमतेम जाऊ शकतील अशा गल्ल्यांमध्ये आहे. तिकीट लागते ते आतील राजवाड्याच्या संग्रहालयाला आणि जैन मंदिरांना. या दोन्हींच्या वेळा ठरलेल्या आहेत (मंदिरांसाठी प्रश्न ७). पर्यटकांच्या मोटारी खालीच उभ्या कराव्या लागतात.

५. हा किल्ला एवढा महत्त्वाचा का मानतात? आत नेमके काय पाहावे?

भाटी राजपूत रावल जैसल याने ११५६ मध्ये येथे राजधानी वसवली. त्यापूर्वीची लोद्रवा ही राजधानी येथून सुमारे १५ किलोमीटरवर सपाट जागी होती आणि ती राखणे अवघड गेले होते. त्यामुळे वाळवंटातून अचानक उठलेली, तीन माथ्यांची म्हणून त्रिकूट म्हटली जाणारी सुमारे ७५ मीटर उंचीची टेकडी निवडण्यात आली. तिच्या भोवती पिवळ्या दगडाचा कोट आणि ९९ बुरूज उभे राहिले. उन्हे उतरू लागली की हा दगड मधासारखा दिसतो, म्हणून लोक याला सोनार किल्ला म्हणतात. २०१३ मध्ये राजस्थानातील जे सहा डोंगरी किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रितपणे गेले, त्यांत चित्तोडगड, कुंभलगड, रणथंबोर, गागरोण आणि आमेर यांच्याबरोबर जैसलमेरही आहे.

वर चढताना अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल आणि हवा पोल असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. वाट मुद्दाम वळवलेली आहे. आपल्या गडांच्या महादरवाजांशी ज्यांची ओळख आहे, त्यांना यामागचे कारण सांगावे लागणार नाही : धावत येणारा हत्ती किंवा सैन्याची तुकडी सरळ दरवाजावर आदळू नये, आणि वळणावर ती वरून माऱ्यात यावी. हवा पोलमधून आत गेल्यावर दसरा चौक लागतो, आणि राजवाड्याचे कोरीव सज्जे समोरच येतात. वाड्याच्या गच्चीवरून खालचे शहर आणि त्यापलीकडील सपाट माळ दिसतो. तेथे दहा मिनिटे उभे राहिले, की या टेकडीचीच निवड का झाली ते न सांगता कळते.

येथील इतिहासात 'अडीच साके' हा शब्द वारंवार येतो. गडाचा पाडाव अटळ झाल्यावर स्त्रियांनी जोहर करायचा आणि पुरुषांनी केसरिया करून अखेरच्या लढाईला बाहेर पडायचे, याला साका म्हणतात. दिल्लीच्या खिलजी आणि तुघलक सुलतानांच्या काळात येथे दोन साके झाले. सोळाव्या शतकातील तिसऱ्या प्रसंगी जोहराला वेळच उरला नाही, म्हणून तो अर्धा मोजतात. वाटाडे हा भाग कधी कधी फार रंगवून सांगतात, पण मूळ घटना इतकी भीषण आहे की तिला रंगाची गरज नाही.

६. किल्ल्याच्या आतल्या हॉटेलात राहावे का? आणि 'किल्ला खचतो आहे' हे खरे आहे का?

हे दोन प्रश्न वेगवेगळे येतात, परंतु त्यांचे उत्तर एकच असल्याने ते येथे एकत्र घेतले आहेत. आत राहण्यास कायद्याने मनाई नाही, आणि अनेक जुन्या घरांची अतिथीगृहे झालेली आहेत. तरीही मुक्काम किल्ल्याबाहेर करावा आणि किल्ल्यात दिवसभर मनसोक्त फिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पाणी.

हा किल्ला वर्षाकाठी अगदी थोडा पाऊस पडणाऱ्या प्रदेशासाठी बांधलेला आहे. शतकानुशतके येथील माणसे पाणी खालून डोक्यावरून आणत आणि ते थेंब मोजून वापरत. पावसाचे पाणी टेकडीत न मुरता बाहेर पडावे, यासाठी 'घूट नाली' नावाची पन्हाळ्यांची व्यवस्था होती. विसाव्या शतकात वर नळ आले, मागोमाग न्हाणीघरे आली, पुढे पर्यटन वाढले, आणि वापरलेले पाणी बाहेर जाण्यापेक्षा टेकडीच्या पोटात अधिक जाऊ लागले. टेकडी एकसंध कातळाची नाही. तिच्यातील मऊ, मातीमिश्रित थर ओले झाले की सरकतात, आणि त्यांच्यावर उभी असलेली भिंत सरकते. १९९० च्या दशकात काही बुरूज ढासळले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने १९९६, १९९८ आणि २००० अशा तीन वेळा या किल्ल्याचे नाव धोक्यातील वास्तूंच्या यादीत घातले. त्यानंतर मलनिस्सारण आणि तटदुरुस्तीची कामे झाली, तरीही ऑगस्ट २०२४ मधील जोरदार पावसात कोटाच्या भिंतीचा एक भाग कोसळला.

आपण एकट्याने तेथे न राहिल्याने किल्ला वाचेल, असे मी म्हणत नाही. परंतु अंघोळ, कपडे धुणे, स्वयंपाक आणि शौचालय यांच्यासाठी प्रत्येक पाहुण्यामागे लागणारे पाणी त्याच टेकडीवर चढते आणि त्याच टेकडीतून उतरते, हे कळल्यानंतर खाली, तटाच्या पायथ्याशी खोली घेणे मला अधिक योग्य वाटते. रात्री उजळलेला किल्ला खालच्या गच्चीवरूनच पुरता दिसतो, आतून तो दिसत नाही. आत राहणाऱ्या कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी आतल्या दुकानांतून खरेदी करावी, आतल्या खानावळीत जेवावे, आतल्याच रहिवाशाला वाटाड्या म्हणून घ्यावे. दिवसा फिरणाऱ्याला धोका किती, असे विचाराल, तर नेहमीच्या वाटांवर तो नाही. मोठ्या पावसाच्या दिवसांत मात्र तटाच्या कडेला आणि बुरुजांखाली रेंगाळू नये.

७. जैन मंदिरांत कोणालाही जाता येते का?

येते. बाराव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यान बांधलेली सात मंदिरे एकमेकांना जोडून आहेत. पार्श्वनाथ, संभवनाथ, चंद्रप्रभू, ऋषभदेव, शीतलनाथ, शांतिनाथ आणि कुंथुनाथ अशी ती तीर्थंकरांच्या नावांनी ओळखली जातात. पूजेची वेळ सांभाळून पर्यटकांना साधारण सकाळपासून दुपारपर्यंतच प्रवेश मिळतो, त्यामुळे किल्ल्याचा आरंभ मंदिरांपासून करावा आणि राजवाडा नंतर पाहावा. चामड्याचा पट्टा, पाकीट आणि पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मूर्तींना हात लावू नये.

संभवनाथ मंदिराच्या तळघरातील ज्ञानभांडार पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरी यांनी उभे केले. ताडपत्रांवरील अतिशय जुन्या पोथ्या येथे राहिल्या, याचे श्रेय कोरड्या हवेला आहे, आणि त्या पिढ्यान्पिढ्या जपणाऱ्या माणसांनाही आहे. सामान्य पाहुण्याला तेथे फार थोडे दिसते, तरी ते पाहिल्याशिवाय परतू नये.

८. पटव्यांची हवेली किल्ल्याच्या आत आहे का? वाळवंटात एवढा पैसा आला कुठून?

तिन्ही प्रसिद्ध हवेल्या किल्ल्याच्या बाहेर, खालच्या शहरात आहेत. पटव्यांची हवेली म्हणजे एक घर नसून एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या पाच हवेल्यांचा समूह आहे. त्यांत काही भाग सरकारी व काही खासगी आहेत, म्हणून तिकिटेही वेगवेगळी असतात. सालिमसिंह या दिवाणाच्या हवेलीचा वरचा मजला मोरासारखा फुललेला आहे. नथमल यांची हवेली दोन भावांनी निम्मी-निम्मी घडवली. समोर उभे राहून डावी आणि उजवी बाजू ताडून पाहिल्यास दोन्ही सारख्या वाटतात, पण तपशिलात कुठेही जुळत नाहीत.

पैसा व्यापारातून आला. सिंध आणि मुलतानकडून येणारे उंटांचे तांडे येथे थांबत, जकात भरत आणि पुढे गुजरात-माळव्याकडे जात. रेशीम, अफू, सुका मेवा आणि मसाले असा त्यांचा माल असे. समुद्रमार्गे मुंबई बंदरातून व्यापार वाढू लागला तशी ही वाट ओस पडत गेली, आणि १९४७ च्या फाळणीने ती बंदच केली. ज्या दिशेने शहराचे वैभव आले, त्याच दिशेला आज तारेचे कुंपण आहे. राहिलेले पटवे-व्यापारी पोटासाठी दूरदूर गेले. येथील अनेक कोरीव दारे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिली, ती त्यामुळे.

९. समला जावे की खुरीला? उंटावरची सफर आणि तंबूतील मुक्काम याबद्दल काय सांगाल?

दोन्ही शहरापासून साधारण ४० ते ४५ किलोमीटरवर आहेत. समच्या वाळूच्या टेकड्या मोठ्या आहेत, तंबूही तिथेच अधिक आहेत, आणि त्याचबरोबर गर्दी, जीपगाड्यांची घरघर आणि ध्वनिवर्धकही तिथेच आहेत. खुरी तुलनेने शांत आहे. ज्यांना वाळवंट ऐकायचे आहे, त्यांनी खुरीला जावे. ठरवताना तंबूवाल्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत : रात्री ध्वनिवर्धक किती वाजता बंद होतो, आणि गाणारे कलावंत कोण आहेत? मांगणियार आणि लंगा या पिढीजात गायक-वादकांचे कमायचा, सारंगी आणि खडताल ही वाद्ये ऐकायला मिळत असतील, तर ती संध्याकाळ कुठल्याही सफारीपेक्षा मोलाची आहे. कालबेलिया नृत्य २०१० पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे, आणि तरीही बहुतेक तंबूंत ते चित्रपटगीतांवर उरकले जाते.

समच्या परिसराला लागून तीन हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेले राष्ट्रीय मरु उद्यान आहे. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजमुळे ओळखीचा झालेला माळढोक, ज्याला इथे गोडावण म्हणतात, आज जगात दीडशेच्या आसपासच उरला असून त्यांतील बहुतेक याच जिल्ह्यात आहेत. समजवळ आणि रामदेवरा येथे त्याची कृत्रिम पैदास करून संवर्धन चालू आहे. म्हणून ठरलेल्या वाटा सोडून गवताळ माळावर जीप घालायला चालकाला सांगू नये, आणि त्याने आपणहून घातली तर थांबवावे. हा पक्षी जमिनीवरच अंडे घालतो, आणि बहुधा एका वेळी एकच.

१०. कुलधरा झपाटलेले गाव आहे, असे म्हणतात. संध्याकाळी जाता येईल का?

सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो, आणि तो मिळवण्याचा प्रयत्न करू नये. शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवरील हे पालीवाल ब्राह्मणांचे गाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रिकामे झाले. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमामुळे गावकरी एका रात्रीत निघून गेले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. अभ्यासक मात्र विहिरींचे आटलेले पाणी, वाढलेला करभार आणि भूकंपाची शक्यता ही कारणे मांडतात. पालीवालांनी वाळवंटात खडीन नावाची बांधबंदिस्तीची पद्धत वापरून पावसाचे पाणी जमिनीत मुरवले आणि त्या ओलीवर गहू पिकवला. भुताच्या गोष्टीपेक्षा हे कितीतरी अधिक थक्क करणारे आहे. सरळ आखलेल्या गल्ल्या आणि दगडी घरांचे पाये सकाळच्या उन्हात पाहावेत.

११. तनोट आणि लोंगेवाला येथे जायला परवाना लागतो का?

भारतीय नागरिकाला लागत नाही. मूळ ओळखपत्र प्रत्येकाजवळ असावे, कारण वाटेत तपासणी होऊ शकते. परदेशी पारपत्र असलेल्यांसाठी नियम वेगळा आहे (प्रश्न १६). तनोट सुमारे १२० किलोमीटरवर आहे. रामगडच्या पुढे वस्ती फार विरळ होते, म्हणून इंधन आणि पाणी शहरातून किंवा रामगडहून भरून घ्यावे. सकाळी लवकर निघून तनोट, तेथून सुमारे ४० किलोमीटरवरील लोंगेवाला आणि मग परत, असा फेरा अंधारापूर्वी पूर्ण करावा.

तनोटमातेचे मंदिर भाटी राजांच्या काळापासूनचे आहे. १९६५ च्या युद्धात या परिसरात पडलेल्या तोफगोळ्यांपैकी मंदिराच्या आवारात पडलेले फुटलेच नाहीत, असे सांगितले जाते, आणि तसे काही गोळे तिथे मांडून ठेवलेले आहेत. मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते. आरतीही जवानच करतात. नवसाचे रुमाल बांधलेली भिंत पाहिल्यावर या जागेशी सैनिकांच्या घरांचे नाते किती जवळचे आहे, ते समजते.

लोंगेवाला येथे ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंह चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली पंजाब रेजिमेंटच्या तेविसाव्या बटालियनमधील सुमारे १२० जवानांनी रणगाड्यांसह आलेल्या फार मोठ्या फौजेला पहाटेपर्यंत रोखून धरले. हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नसल्यामुळे मदतीला सूर्योदयाची वाट पाहावी लागली. उजाडताच जैसलमेरहून उडालेल्या त्या विमानांनी उघड्या वाळूतील रणगाडे टिपले. मेजर चांदपुरी यांना महावीरचक्र मिळाले. स्मारकापाशी निकामी झालेले शत्रूचे रणगाडे आहेत. मुलांना त्यांवर चढवून छायाचित्रे काढण्यापूर्वी समोरच्या खंदकात उतरून ती जागा किती उघडी आहे, ते एकदा पाहावे. युद्धाची सविस्तर मांडणी पाहायची असेल, तर जोधपूर रस्त्यावरील सेनेच्या युद्धसंग्रहालयात अर्धा दिवस घालवावा, म्हणजे लोंगेवाला अधिक समजते.

१२. प्रत्यक्ष सीमारेषा, कुंपण आणि खांब पाहता येतात का?

तनोटच्या पुढे सुमारे २० किलोमीटरवर बबलियान चौकीच्या बाजूला पर्यटकांना नेण्याची सोय आहे, पण त्यासाठी सीमा सुरक्षा दलाची आगाऊ परवानगी लागते. ओळखपत्रे आणि वाहनाची कागदपत्रे द्यावी लागतात, आणि परवानगी असूनही त्या दिवशीची परिस्थिती पाहून परत पाठवले जाऊ शकते. अशा वेळी हुज्जत घालू नये. 'आमच्या ओळखीचे एक अधिकारी आहेत' हे वाक्य नाक्यावरील जवानाला अडचणीत टाकते, काम मात्र होत नाही. याशिवाय सीमेलगतच्या अरुंद पट्ट्यात रात्री फिरण्यावर जिल्हा प्रशासन वेळोवेळी मनाई आदेश काढते. तो आदेश स्थानिकांना लागू असतो, तसा पाहुण्यांनाही असतो.

१३. वाघा-अटारीसारखा ध्वज उतरवण्याचा सोहळा जैसलमेरला होतो का?

नाही. तसा सोहळा पाहायचा असेल, तर पंजाबातील अटारी किंवा गुजरातमधील नडाबेट येथे जावे. जैसलमेरच्या बाजूला नागरिकांसाठी ओलांडण्याचा मार्गच नाही.

१४. छायाचित्रे, ड्रोन आणि उपग्रह फोन यांचे नियम काय आहेत?

किल्ला, हवेल्या, गडीसर तलाव, बडाबागेतील छत्र्या (राजघराण्याची स्मारके) आणि लोंगेवाला स्मारक येथे छायाचित्रे काढता येतात. संग्रहालय आणि मंदिरांत कॅमेऱ्याचे वेगळे तिकीट असू शकते. विमानतळ, हवाई दलाचा तळ, लष्करी वाहनांचे ताफे, चौक्या, निरीक्षण मनोरे आणि कुंपण यांच्याकडे कॅमेरा वळवू नये. चालत्या गाडीच्या खिडकीतून सहज काढलेल्या चित्रफितीवरूनही चौकशी होऊ शकते. किल्ल्यातील घरांच्या उंबऱ्यावर बसलेल्या स्त्रियांना विचारल्याशिवाय त्यांचे चित्र घेऊ नये, हा नियम कुठे लिहिलेला नाही, तरी तो सर्वांत आधी पाळावा.

ड्रोन नेऊच नये. हवाई तळ आणि आंतरराष्ट्रीय सीमा या दोन्हींमुळे येथील आकाश हौशी उड्डाणासाठी मोकळे नाही. उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी साधने भारतात परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. परदेशातून आलेल्या नातेवाइकांच्या गिर्यारोहणाच्या सामानात असे साधन नजरचुकीने राहिलेले असते, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

१५. पोखरणला अणुचाचणीची जागा दाखवतात का?

दाखवत नाहीत. १८ मे १९७४ रोजी आणि नंतर ११ व १३ मे १९९८ रोजी जिथे चाचण्या झाल्या, ते क्षेत्र सेनेच्या ताब्यात असून नागरिकांना बंद आहे. जैसलमेरच्या पूर्वेला सुमारे ११० किलोमीटरवर असलेल्या पोखरण गावात जुना लाल दगडी किल्ला आहे, आणि जवळच रामदेवरा येथे लोकदैवत बाबा रामदेव यांची समाधी आहे. भाद्रपदातील जत्रेच्या काळात जोधपूरच्या रस्त्याने पायी चालणाऱ्या भाविकांची रांग लागते. तेव्हा गाडी सावकाश चालवावी आणि प्रवासाला अधिक वेळ धरावा.

१६. माझा भाऊ अमेरिकेचा नागरिक आहे, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड आहे. तो आमच्याबरोबर तनोटला येऊ शकतो का?

आगाऊ परवानगी असल्याशिवाय नाही. जैसलमेर जिल्ह्याचा पश्चिमेकडील सीमावर्ती भाग परदेशी नागरिकांसाठी संरक्षित क्षेत्र आहे, आणि ओसीआय कार्डामुळे मतदान वा शेतजमीन यांसारख्या गोष्टींत जशी सूट मिळत नाही, तशी येथेही मिळत नाही. शहर, किल्ला आणि समसारख्या नेहमीच्या पर्यटनस्थळी त्यांना मोकळेपणाने फिरता येते. तनोट-लोंगेवालासाठी जिल्हा प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि नकारही मिळू शकतो. कुटुंबात एकाचे पारपत्र वेगळे असेल, तर तो दिवस त्याच्यासाठी लोद्रव्याची जैन मंदिरे आणि अकल येथील सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे जीवाश्म यांचा आखावा. अकलचा पट्टा पाहण्यासारखा आहे. एकेकाळी येथे जंगल होते, हे दगड झालेल्या खोडांकडे पाहूनच पटते.

१७. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना किल्ला झेपेल का?

झेपेल, थोडी आखणी केली तर. फरसबंदी चढ गुळगुळीत झालेला असल्याने चपलेऐवजी तळव्याची पकड चांगली असलेले बूट हवेत. रिक्षा वरच्या चौकाजवळपर्यंत जाते. मंदिरांचा परिसर सावकाश फिरता येतो, राजवाड्यात मात्र अरुंद जिने आणि ठेंगणी दारे आहेत. ते टाळून त्यांना दसरा चौकात सावलीत बसवावे. चाकाच्या खुर्चीसाठी आतल्या गल्ल्या सोयीच्या नाहीत. त्यांच्यासाठी संध्याकाळचा गडीसर तलाव अधिक सुखाचा. चौदाव्या शतकात रावल गडसी यांच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला हा तलाव, नळ येईपर्यंत शहराची तहान भागवत होता. प्रश्न ६ मधील डोक्यावरच्या घागरी येथूनच भरल्या जात.

१८. सहल ठरली आहे आणि सीमेवर तणाव असल्याच्या बातम्या येत आहेत. जावे की रद्द करावे?

बातम्यांच्या मथळ्यांवरून ठरवू नये, जिल्हा प्रशासनाच्या आदेशांवरून ठरवावे. मे २०२५ मध्ये जैसलमेरसह उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी काही दिवस बंद होते, आणि शहरात रात्री संपूर्ण अंधार पाळला गेला. अशा काळात जाऊ नये. त्यामागे केवळ आपल्या जिवाची काळजी नाही. यंत्रणा, रुग्णालये आणि रस्ते तेव्हा दुसऱ्या कामासाठी मोकळे हवे असतात. उलट, केवळ निवेदनांची चकमक चालू असेल आणि प्रशासनाने कोणताही निर्बंध घातलेला नसेल, तर शहर आणि किल्ला पाहण्यात अडचण नसते. तनोटचा दिवस तेवढा लवचीक ठेवावा.

तुम्ही तिथे असतानाच परिस्थिती बदलली, तर सीमेकडील सर्व कार्यक्रम त्याच क्षणी सोडून जोधपूरकडे निघावे, दिवे मालवण्याची सूचना आली तर मोबाइलचा उजेडही झाकावा, आणि आकाशात दिसलेले काहीही चित्रित करून समाजमाध्यमांवर टाकू नये. तंबू आणि खोल्यांचे पैसे आगाऊ भरताना रद्द करण्याची अट लेखी घ्यावी. हंगामावरच वर्ष काढणाऱ्या माणसांकडून पूर्ण रक्कम परत मागण्याऐवजी तारीख पुढे ढकलून मागितली, तर ती बहुधा मिळते.